गाडी कुठे लावलीस?

परवा एका मैत्रिणीचा फोन आला. "यंदा सवाईला जाऊया ना?" मी हो म्हणेपर्यंत तिचा दुसरा प्रश्न आलासुद्धा, "पण गाडी कुठे लावायची गं?" कोण गाणार, कोण वाजवणार, कुठल्या दिवशी जायचं, यातलं काही नाही. आधी गाडी. मला हसू आलं. फोन ठेवल्यावर मात्र बराच वेळ तशीच बसून राहिले. हा प्रश्न आमच्या घरात रोज विचारला जातो, अगदी घराबाहेर पाऊल टाकलं नसेल त्या दिवशीसुद्धा. का, ते सांगतेच.

बरेच महिने इथे काही लिहिलं नव्हतं. दादा प्रत्येक फोनला टोकतो, "तुझा ब्लॉग मेला का?" तर दादा, हे घे. यात तूही आहेस. काही चुकलं असेल तर खाली भांडायला ये.

पुण्याबाहेरच्यांसाठी आधी दोन शब्द. सवाई म्हणजे सवाई गंधर्व महोत्सव. पंडित भीमसेन जोशींनी आपल्या गुरूंच्या स्मरणार्थ १९५३ साली तो सुरू केला. २०११ मध्ये भीमसेनजी गेले आणि मग महोत्सवाच्या नावात त्यांचंही नाव आलं. दर डिसेंबरात, थंडीत, उघड्या मैदानावर मांडव घालून हजारो माणसं बसतात. माझ्या लहानपणी आणि त्यानंतरही कितीतरी वर्षं तो रमणबाग शाळेच्या पटांगणात होत असे. रमणबाग म्हणजे शनिवार आणि नारायण पेठेच्या ऐन मध्यात. बैलगाडी आणि सायकल यांच्यासाठी आखलेले रस्ते, दोन्ही बाजूंना वाडे, आणि त्यात गाणं ऐकायला निघालेलं अर्धं पुणं.

तेव्हा 'पार्किंग' हा शब्द आमच्या घरात नव्हता. गाडी 'लावायची' असायची, आणि गाडी म्हणजे बाबांची चेतक. बुकिंग केल्यावर कित्येक वर्षांनी, १९८३ साली, ती घरी आली. निळी. तिच्यावर आम्ही चौघे. दादा पुढे उभा, हँडलच्या मधल्या भागाला धरून, मग बाबा, मग मी चेंगरलेली, आणि मागे एका बाजूला पाय सोडून आई. आईच्या मांडीवर सतरंजी, दोन शाली, बाबांची कानटोपी, थर्मास आणि पोळीभाजीचा डबा असलेली पिशवी. एवढा संसार घेऊन बाबा लकडी पूल ओलांडायचे आणि रमणबागेच्या फाटकाशी आम्हाला उतरवायचे. उतरवलं की वाक्य ठरलेलं. "तुम्ही पुढे व्हा, जागा धरा. मी गाडी लावून आलो."

आणि मग ते येत नसत.

म्हणजे यायचे, पण पहिला कलाकार संपता संपता. आई सतरंजी उलगडून चार माणसांची जागा अडवून बसलेली. शेजारचे लोक त्या रिकाम्या चतकोराकडे बघतायत, कुणीतरी विचारतंय "इथे कुणी येणारे का हो?" आणि आई ठामपणे "हो, येतायत, गाडी लावायला गेलेत." अर्धा तास, पाऊण तास. विलंबित संपायचं, द्रुत संपायचं, टाळ्या व्हायच्या, लोक पाय मोकळे करायला उठायचे आणि त्या गर्दीतून वाट काढत बाबा यायचे. हाताला पेट्रोलचा वास. बसता बसता "छान झालं नाही?" असं म्हणायचे. मला तेव्हा गंमत वाटायची की यांना न ऐकता कसं कळलं!

गाडी लावायला इतका वेळ लागत नसे, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. कारण बाबांची जागा पक्की होती. पत्र्या मारुतीजवळ त्यांच्या ऑफिसातल्या एका मित्राचा वाडा होता. आम्ही त्यांना वाड्यातले काका म्हणायचो. दिंडीदरवाजाच्या उंबऱ्यावर एक फळी टाकलेली असायची, तिच्यावरून स्कूटर आत ढकलायची, पेट्रोलचा नॉब बंद करायचा आणि विहिरीच्या कठड्याशी ती उभी करायची. सवाईच्या दिवसांत काका ती फळी आठवणीने काढून ठेवत. म्हणजे गाडी लावायला पाच मिनिटं आणि चालत यायला पाच. उरलेल्या अर्ध्या तासाचा हिशोब आईने आपल्या मनाशी लावून टाकला होता. "बसले असतील चहा घेत. दोघे भेटले की ऑफिस सुटत नाही यांचं." रागाने नाही म्हणायची, पण म्हणायची. दादाचा अंदाज वेगळा होता. त्याच्या मते बाबा कोपऱ्यावर एकटेच गरम भजी खायचे.

एका वर्षी मात्र ती जागा मिळाली नाही. वाड्यात कुणाचं तरी लग्न निघालं होतं आणि चौकात मांडव होता. मी तेव्हा कॉलेजात होते, म्हणजे नव्वदचं दशक अर्धं सरलं असेल. बाबांनी स्कूटर रस्त्यावर लावली. आता पुण्यातल्या रस्त्यांची एक खासियत आहे. विषम तारखेला गाड्या या बाजूला, सम तारखेला त्या बाजूला, आणि तशा पाट्या. पी-१, पी-२. बाहेरगावचा माणूस ती पाटी वाचून आधी कॅलेंडर शोधतो. (३१ नंतर १ येते, दोन्ही विषम, म्हणजे त्या रात्री गाडीला मुक्कामाची मुभा. हा शोध दादाचा.) बाबांनी तारीख बघून अगदी नियमाने गाडी लावली होती. पण सवाई तेव्हा रात्रभर चालायचा. तारीख मध्यरात्री बदलली, आणि आम्ही आत मालकंस ऐकत होतो! सकाळी उन्हं वर आल्यावर बाहेर आलो तर स्कूटरच्या जागी तेलाचा एक डाग. कुणीतरी सांगितलं, उचलून नेली. चूक आमचीच, बोलणार काय? दंड भरून गाडी सोडवून बाबा घरी यायला दुपार झाली. आई वैतागलेली. बाबांनी आंघोळ केली, जेवले, आणि म्हणाले, "गाणाऱ्याने तारीख बघून गायचं असतं का?" हे वाक्य आमच्या घरात अजून चालतं, कशालाही.

खुद्द भीमसेनजींना गाड्यांचं विलक्षण वेड होतं. शेकडो मैल स्वतः गाडी चालवत मैफिलीला जायचे, हे तर सगळ्यांनाच ठाऊक आहे. बाबांना त्याचं फार कौतुक. "ते मैफिलीच्या गावी पोचल्यावर गाडी कुठे लावत असतील हो?" असं मी एकदा विचारलं होतं. बाबांनी गंभीरपणे विचार केला आणि म्हणाले, "त्यांना लोक आपलं अंगण देत असतील."

मग एकेक गोष्ट सुटत गेली. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० साली आले, रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद, आणि रात्रभराचा सवाई संपला. आता दुपारी सुरू होऊन दहापर्यंत, एखाद्या दिवशी परवानगी असेल तर बारापर्यंत. बाबा म्हणाले, चला, तारीख बदलायचा प्रश्न सुटला. पण त्यांना पहाटेचे राग जाहीर मैफिलीत पुन्हा ऐकायला मिळाले नाहीत याची हळहळ त्यांनी कधी लपवली नाही. पुढे वाडा पाडला. तिथे पाच मजली इमारत झाली, खाली खांबांमध्ये गाड्या लावायची जागा, आणि फाटकावर 'फक्त सभासदांसाठी'. काका उपनगरात मुलाकडे राहायला गेले. २००९ मध्ये बाबांनी चेतक विकली. विकताना घेणाऱ्याला ती डावीकडे तिरकी करून मग किक कशी मारायची हे तीनदा दाखवलं. २०१४ मध्ये आई गेली. २०१८ पासून महोत्सवच रमणबागेतून मुकुंदनगरला, महाराष्ट्रीय मंडळाच्या मैदानावर गेला. मैदान ऐसपैस आहे, तक्रार करण्यासारखं काही नाही. पण बाबांच्या पायांना पेठेतली वाट पाठ होती, ही नव्हती. पहिली दोन वर्षं ते रिक्षाने एकटे गेले आणि आले. २०२० आणि २०२१ मध्ये करोनामुळे महोत्सव झालाच नाही.

त्या दोन वर्षांत बाबा बदलले. सगळ्यांच्याच घरी तेव्हा काही ना काही झालं, त्यात हे थोडं नजरेआड राहिलं. चष्मा फ्रीजमध्ये सापडायचा. तेच ते प्रश्न. शेजारच्यांना आईचं नाव सांगून "ती भाजी आणायला गेलीय" म्हणाले, तेव्हा डॉक्टरांकडे गेलो. औषधं सुरू झाली. डॉक्टर म्हणाले, त्यांना आवडणाऱ्या गोष्टी चालू ठेवा. म्हणून २०२२ च्या डिसेंबरात महोत्सव पुन्हा होणार म्हटल्यावर मी दोघांची तिकिटं काढली.

आता ज्या दिवसाबद्दल लिहायला बसले तो दिवस.

कोथरूडहून आम्ही वेळेत निघालो होतो. निदान मला तसं वाटत होतं. म्हात्रे पूल, दांडेकर पूल, सारसबाग, स्वारगेट. बाबा खुशीत. कानटोपी, शाल, खिशात चष्म्याची डबी. फाटकाशी पोचलो तर मागे गाड्यांची रांग आणि हॉर्न. बाबांना इतकं चालवणं शक्य नव्हतं. मी त्यांना उतरवलं, तिथे एका बाजूला प्लास्टिकची खुर्ची होती तिच्यावर बसवलं आणि म्हणाले, "बाबा, इथेच थांबा हं. मी गाडी लावून आले."

त्यांनी मान हलवली. मी निघाले.

मुकुंदनगरच्या गल्ल्या ज्यांना माहीत आहेत त्यांना पुढचं सांगायला नको. पहिली गल्ली भरलेली. दुसरी भरलेली. तिसरीत एक जागा दिसली, आनंदाने वळले तर तिथे स्कूटर आडवी लावून ठेवलेली, कुणा साहेबांच्या जागेची राखण करायला. बंगल्यांच्या फाटकांवर पाट्या. गेटसमोर गाडी लावल्यास हवा सोडण्यात येईल. एकीवर तर 'सोडलेली हवा परत मिळणार नाही' असंही होतं. एका गाडीत माणूस बसलेला दिसला, इंजिन चालू. काच खाली करून मी विचारलं, "निघताय का?" तो म्हणाला, "नाही हो, मीही जागेचीच वाट बघतोय. तो पुढचा निघाला की मी तिथे जाणार." म्हणजे जागा मिळालेला माणूस आणखी बऱ्या जागेची वाट बघत बसलेला. पुण्यात हेही आहे.

पंधरा मिनिटं झाली. वीस झाली. गोल फिरून पुन्हा मैदानाच्या मागच्या रस्त्यावर आले तेव्हा काचेतून तंबोरे ऐकू आले, मग आवाज लावलेला. पूरिया. तरुण गायक होता, नाव महत्त्वाचं नाही. मी गाडीत एकटी, चिडलेली, घामाघूम, आणि तो बाहेर इतका शांत षड्ज. शेवटी कंटाळून मार्केट यार्डाच्या बाजूला बरीच लांब गेले आणि एका झाडाखाली, कुणाच्याही गेटसमोर नाही अशा जागी गाडी लावली. घड्याळ बघितलं, चाळीस मिनिटं होऊन गेली होती. पळतच निघाले.

फाटकाशी खुर्ची होती. बाबा नव्हते.

तिथल्या माणसाला विचारलं. "ते आजोबा? आत गेले असतील." तिकिटं माझ्या पर्समध्ये. त्यांचा फोनही माझ्याच पर्समध्ये, हरवतील म्हणून मीच काढून घेतलेला. आत गेले. भारतीय बैठकीवर हजारो डोकी, त्यातली निम्मी पांढरी, निम्म्यांवर कानटोपी. मी कडेकडेने वाकून, लोकांचे पाय तुडवत, माफी मागत एकेक चेहरा बघत होते. माझ्याकडे लोक रागाने बघत होते आणि त्यांचं बरोबरच होतं. खाद्यपदार्थांचे स्टॉल पाहिले, पुस्तकांचे पाहिले, स्वच्छतागृहाबाहेर उभी राहिले. एका स्वयंसेवक मुलीने माझा चेहरा बघून विचारलं, काय झालं? सांगितल्यावर म्हणाली, "माइकवरून सांगूया का?"

मी मंचाकडे पाहिलं. विलंबित संपत आलं होतं. मांडवात टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता. आणि मी, माझे ऐंशी ओलांडलेले वडील हरवलेले असताना, म्हणाले, "हे होऊ दे. टाळ्या झाल्या की सांगू." अजून मला ते वाक्य आठवलं की पोटात कालवतं. त्यांना रस्ता ओलांडताना काही झालं असतं तर? दहा मिनिटांत माणूस स्वारगेटला पोचतो, तिथून कुठल्याही एसटीत बसतो. हे सगळं डोक्यात असूनही मी नाही म्हटलं, कारण मला माहीत होतं की चालू गाण्यात स्वतःचं नाव माइकवरून ऐकून बाबांना हरवण्यापेक्षा जास्त लाज वाटली असती. हे बरोबर होतं का? मला आजही ठरवता येत नाही. दादा, तुझं मत मला माहीत आहे, ते तू त्या रात्री फोनवर सांगितलंस.

तिथे उभं राहवेना म्हणून पुन्हा बाहेर आले. बाहेर एका बाजूला दोऱ्या बांधून दुचाकी लावल्या होत्या. शेकड्यांनी, हँडलला हँडल. आणि त्या रांगांमध्ये, लांब टोकाला, एक कानटोपी खाली वाकत होती, वर येत होती, पुढे सरकून पुन्हा वाकत होती.

बाबा नंबरप्लेट वाचत होते.

त्यांच्याबरोबर पार्किंग सांभाळणारा एक मुलगा होता, सतरा-अठरा वर्षांचा. तो दुसऱ्या रांगेतून तेच करत होता. मला बघून म्हणाला, "ताई, यांची चेतक सापडत नाहीये. निळी. मी म्हटलं आजोबा, चेतक असती तर मला लांबून दिसली असती. पण ते म्हणतायत इथेच लावली." अर्धा तास तो पोरगा एका नसलेल्या स्कूटरसाठी त्यांच्याबरोबर फिरत होता. नंबर त्याने आपल्या तळहातावर लिहून घेतला होता. नंबर अगदी बरोबर होता, आमच्या चेतकचाच.

"अगं कुठे होतीस?" बाबा म्हणाले. "मला वाटलं तुम्ही सगळे आत जाऊन जागा धरली असेल. मी गाडी लावली, आणि आता बघतो तर..." आणि ते थांबले. त्यांनी माझ्या हातातल्या गाडीच्या किल्लीकडे पाहिलं. काहीतरी जुळत नाहीये हे त्यांना कळलं असावं, आणि काय जुळत नाहीये ते कळत नसावं. ती लाज मी त्यांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा पाहिली. मी म्हणाले, "मिळेल बाबा. आधी बसू जरा."

फूटपाथच्या कडेला बसलो. त्या मुलाने न सांगता दोन कप चहा आणून दिला आणि पैसे देऊ केले तर म्हणाला, राहू दे. मांडवात द्रुत सुरू झालं होतं. कनातीच्या पलीकडून येणारा आवाज वाऱ्याबरोबर कमीजास्त होत होता, मध्येच रिक्षाचा फटफटाट, मध्येच कुणाचा तरी फोन. मी म्हटलं, "आत जायचं का? तिकिटं आहेत."

"आत्ता?" बाबा म्हणाले. "गाणं चालू असताना मध्ये घुसायचं नसतं. एवढे लोक बसलेत, त्यांच्या पायांवरून जायचं, सगळ्यांचा रसभंग. हे संपू दे." मग एक घोट घेऊन, अगदी सहज, "मी नेहमी बाहेरच थांबायचो की. पहिलं गाणं मी कधी आतून ऐकलंच नाही."

मी विचारलं, "आणि वाड्यात? काकांकडे चहा?"

"कसला चहा! त्याच्या घरचे सगळे आधीच रमणबागेत. दाराला कडी. गाडी आत ढकलायची की निघालो. पण पोचेपर्यंत सुरू झालेलं असायचं. मग भिंतीपाशी उभा राहायचो. तिथे एक रिक्षावाला असायचा, गाडीत आडवा होऊन ऐकायचा. डोळे मिटलेले, पण समेवर बरोबर पायाचा अंगठा हलायचा त्याचा. आणि एक इस्त्रीवाला. तो रात्री दुकान उघडं ठेवायचा, गाण्यासाठी." थोडं थांबून म्हणाले, "बाहेरून तंबोरा फार छान ऐकू येतो. आत टाळ्याच जास्त."

सकाळी काय खाल्लं हे ज्या माणसाला आठवत नव्हतं, तो मला चाळीस वर्षांपूर्वीच्या इस्त्रीवाल्याबद्दल सांगत होता. आणि मी हिशोब करत होते. दर वर्षी निदान एक कलाकार, वीस-पंचवीस वर्षं. आम्ही आत सतरंजीवर, शाली पांघरून. ते भिंतीपाशी, डिसेंबरच्या थंडीत, उभ्याने. आई गेली ती त्या चहाचा राग मनात थोडासा ठेवून. त्यांनी तिला सांगितलं का नाही कधी, हे मी विचारलं नाही. विचारलं असतं तर त्यांनी कदाचित आईलाच विचारून सांगतो म्हटलं असतं.

टाळ्या झाल्या. आम्ही उठलो, आत गेलो, आणि शेवटपर्यंत ऐकलं. पुढच्या सतारवादनात बाबा माझ्या मनगटावर बोटाने ताल धरत होते. एकदाही चुकले नाहीत.

ही गोष्ट इथे संपायला हवी होती, पण पुढे एक फजिती आहे, आणि ती लिहिली नाही तर दादा खाली लिहीलच. रात्री दहाला बाहेर पडलो आणि मला माझी गाडी कुठे लावली ते आठवेना! झाड आठवत होतं. त्या भागात झाडं किती आहेत हे तेव्हा कळलं. दोन गल्ल्या बाबांना घेऊन चालले, मग त्यांचे पाय थांबले. ते एका कट्ट्यावर टेकले आणि हसायला लागले. अगदी डोळ्यांत पाणी येईपर्यंत. "म्हणजे आता तूही?" मीही हसले, दुसरं करणार काय. रिक्षाने घरी आलो. सकाळी एकटी परत गेले, उजेडात गाडी दोन मिनिटांत सापडली. वायपरखाली चिठ्ठी होती, सुवाच्य अक्षरात. "आपण हे वाहन येथे कायमचे सोडून गेला आहात काय? तसे असल्यास किल्ली व कागदपत्रे समोरच्या बंगल्यात द्यावीत." मी चिठ्ठी जपून ठेवली आहे. गाडीची हवा मात्र सोडली नव्हती, हे त्या गृहस्थांच्या बाजूने नोंदवते. :)

सप्टेंबर २०२४ मध्ये मेट्रो जमिनीखालून स्वारगेटपर्यंत आली. मैत्रिणीला मी तेच सांगितलं. मेट्रोने स्वारगेट, पुढे रिक्षा किंवा चालत, गाडीचं नावच नको. ती म्हणाली, "अगं, पण मेट्रो स्टेशनवर जायला गाडी घ्यावी लागते, ती कुठे लावायची?" पुणेकराला हरवणं कठीण आहे.

बाबा आता येत नाहीत. गर्दीत घाबरतात. संध्याकाळी मी त्यांना गाणी लावून देते, बाल्कनीचं दार उघडं ठेवून मी आतल्या खोलीत लावते आणि ते बाहेर बसतात. तसंच आवडतं त्यांना. मी कुठूनही घरी आले, भाजी घेऊन आले, नुसती खालच्या मजल्यावरून जाऊन आले, तरी पहिला प्रश्न तोच. सुरुवातीला मी खरं सांगायची, "बाबा, खाली आपल्याच पार्किंगमध्ये." त्यावर त्यांचं समाधान होत नसे. कुठलं पार्किंग, नीट लावलीस का, तारीख बघितलीस का, असे प्रश्नांवर प्रश्न, आणि मग अस्वस्थ होऊन स्वतःच दाराकडे निघायचे, बघून येतो म्हणून. दोनदा जिन्यात सापडले.

काल संध्याकाळी पिशव्या घेऊन आत आले. बाल्कनीतून आवाज आला.

"गाडी कुठे लावलीस?"

"पत्र्या मारुतीशी बाबा. वाड्यात, विहिरीपाशी."

"नॉब बंद केलास?"

"केला."

"मग बस आता."